वासरू नको, म्हातारं जनावर द्या

गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत या बाई राहतात. वय ७३. आरोग्यसेविका म्हणून नोकरी झाली, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी गाव अजून नर्सबाईच म्हणतं. इथेही तेच नाव ठेवतो. खरं नाव आणि गाव दिलेलं नाही, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. ‘पत्ता कळला की दुसऱ्या दिवशी सकाळी बेड्याला, म्हणजे कुंपणाच्या फाटकाला, कोणाचा तरी बैल बांधलेला असेल,’ असं त्या म्हणाल्या. ही भीती खरी आहे.

मी याच भागात गुरांचा डॉक्टर. नर्सबाईंच्या गोठ्यात आज सहा जनावरं आहेत: दोन म्हातारे बैल, महामार्गावर गाडीची धडक बसून मागचा पाय अधू झालेली गाय, एक भाकड गाय, आंधळी म्हैस आणि दात झिजलेली शेळी. एकही विकत घेतलेलं नाही, एकाही जनावरापासून पैशाचं उत्पन्न नाही. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, मुलगा डोंबिवलीला, मुलगी चिपळूणला. बाईंचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ‘या वयात ही उस्तवार कशाला?’ हा प्रश्न त्यांना येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न: ही उस्तवार त्यांना झेपते कशी, आणि कुठे झेपेनाशी झाली होती?

गुरं येतात कुठून

कोकणातलं शेत म्हणजे डोंगरउतारावरचे तुकडे. बैलजोडीला खरं काम चिखलणीच्या दिवसांत, महिना-दीड महिना. खायला मात्र बारा महिने लागतं. पॉवर टिलर आले, भाड्यानेही मिळू लागले, आणि हा हिशेब उघडा पडला. त्यातच घरात गुरं राखायला माणूस नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली दिसली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कर्ते पुरुष मुंबईत आणि गावात सासू-सुना, हे इथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. फक्त पूर्वीच्या सासूला गुरं सोडून दुसरा इलाज नव्हता, आताच्या सुनेला आहे.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. १९७६ च्या मूळ कायद्यात कामाला निरुपयोगी ठरलेल्या बैलाचा दाखला घेऊन तो विकता येत होता. कायदा बरा की वाईट, यावर इथे वाद घालत नाही. गावात दिसतो तो परिणाम सांगतो: म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. ज्याला पोसणं परवडत नाही तो रात्री खिंडीपलीकडे नेऊन दावं कापतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात ५० लाखांवर मोकाट गुरं मोजली गेली. महामार्गावर बसलेली गुरं चाकरमान्यांनी सणाला येता-जाता पाहिलेली असतातच. डांबर कोरडं असतं, वाऱ्यावर माश्या कमी लागतात, म्हणून ती तिथे बसतात.

नर्सबाईंचा पहिला बैल शेजाऱ्याचा. त्याचा टिलर आला त्याच आठवड्यात तो बैल सोडायला निघाला होता. बाईंचा स्वतःचा गोठा नवरा गेल्यावर रिकामाच होता, जांभ्या दगडाचा, कौलं शाबूत. ‘बांध माझ्याकडे,’ एवढंच त्या म्हणाल्या. त्यामागे काही मोठा विचार होता असं त्याही सांगत नाहीत.

नोंदवही

या बाईंना प्राणिप्रेमी म्हणणं मला जमत नाही. त्या गुरांना नावं ठेवत नाहीत, गोंजारत नाहीत, कोणी कौतुकाने फोटो काढायला लागलं की ‘गव्हाणीत हात घालू नका’ म्हणून दटावतात. त्यांची जात आहे ती नर्सची. लसीकरणाच्या दिवसांत वाड्या पालथ्या घालून रजिस्टरं भरलेली बाई. गोठ्याच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली असते आणि तिच्यात रोज एका जनावराला एक ओळ.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात त्यांनी मला बोलावलं. वहीत तीन दिवसांच्या नोंदी होत्या: ‘मान डावीकडे कलती.’ ‘डावं शिंग खांबाला घासतो.’ ‘शिंग मुळाशी गरम, डाव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब.’ शिंगाच्या कर्करोगाचं याहून नेमकं वर्णन मी विद्यार्थ्यांकडूनही क्वचित ऐकलंय. आपल्याकडच्या बैलांमध्ये हा रोग बऱ्यापैकी आढळतो; गडी बहुतेकदा शिंग लोंबायला लागल्यावर, म्हणजे उशिरा, सांगत येतो. शिंग मुळापासून काढलं. अशा वेळी कपाळाच्या हाडातली पोकळी उघडी पडते. खालपर्यंत भोक दिसतं, नवख्याला भोवळ यावी असं. त्यात औषधी गॉज भरायचा, बाहेरून पट्टी बांधायची, कडेने टर्पेन्टाइनचा बोळा फिरवायचा म्हणजे माशी बसत नाही. माशी बसली की अळ्या पडल्याच. हे काम पुढे रोज बाईंनी केलं. बैलाची वेसण आडव्या वाशाला आखूड बांधायची, पुढ्यात आंबोणाचं, म्हणजे कालवलेल्या खाद्याचं, घमेलं ठेवायचं, आणि त्याचं तोंड घमेल्यात असतानाच पट्टी सोडायची. गॉज काढताना आधी नाकाशी धरून वास घ्यायचा. ही सवय माणसांच्या दवाखान्यातली. वास बदलला तर मला फोन. एकदाच बदलला होता, आणि त्यांचं बरोबर होतं.

हे सांगितलं ते अशासाठी की म्हाताऱ्या माणसाला ‘मन रमवायला’ काहीतरी द्यावं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात बिनकामाचं काम असतं. इथे काम खरं आहे. चुकलं तर बैल मरतो. अमेरिकेत १९७६ साली कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एक प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना रोपटं निवडायला दिलं आणि त्याची निगा तुम्हीच राखा म्हणून सांगितलं, शिवाय दिवस कसा घालवायचा हे तुमच्या हाती असं बजावलं. दुसऱ्या मजल्यावर रोपटं दिलं पण पाणी नर्स घालणार होत्या. पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक तरतरीत, अधिक मिसळणारी झाली. मानसशास्त्राच्या पुस्तकांतला हा गाजलेला प्रयोग मला पटतो, पण तो गोठ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. कुंडीला दोन दिवस पाणी चुकलं तर पान मलूल होतं, एवढंच. गोठ्याचा एक दिवसही चुकवता येत नाही, आणि नेमकं तिथेच बाई अडचणीत आल्या.

आषाढातला तो दिवस

बैलाचं शिंग काढलं त्याच्या पुढच्या आषाढात सकाळी विहिरीकडून पाण्याची बादली घेऊन येताना खळ्याच्या कडेला शेवाळावरून पाय घसरला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा रात्रीची गाडी पकडून सकाळी हजर झाला आणि पहिल्या चहालाच म्हणाला, ‘आई, बस झालं. गुरं देऊन टाक आणि माझ्याबरोबर चल.’

बाई म्हणाल्या, ‘कोणाला देऊ ते सांग. आजच देते.’

मुलाने फोन लावले. एक गोशाळा भरलेली होती. दुसरीने गायी घेऊ म्हटलं, बैल आणि म्हैस नको. तिसरीने वाहतुकीची परवानगी, दाखला, टेम्पोचा खर्च असं बरंच काही सांगितलं. मध्ये आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात गोठा मुलानेच काढला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं वळण हे. तो कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. कुठलं यंत्र का बंद पडतं हे शोधणं त्याचा रोजचा धंदा, आणि चार दिवस शेण काढून, पाणी भरून त्याची कंबर धरल्यावर त्याने तीच नजर गोठ्याकडे लावली.

त्याला सापडलं ते असं. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० लिटर पाणी सहज पितं. पाच मोठी जनावरं म्हणजे दीडशे ते दोनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दहा ते तेरा-चौदा बादल्या, त्याही उतरणीच्या पाखाडीवरून. एका जनावराचं दहा किलोच्या पुढे शेण, म्हणजे रोज पन्नासेक किलो घमेल्यातून उकिरड्यापर्यंत. शिवाय माळ्यावरून पेंढा काढायला शिडी. आईला धोका होता तो या तीन कामांत. आंबोण कालवणं, खरारा करणं, जखमा पाहणं, वही लिहिणं यांत धोका नव्हता, आणि तिला हवं होतं तेही हेच. इतके दिवस दोन्ही एकाच मोळीत बांधलेलं होतं, त्यामुळे चर्चा व्हायची ती ‘सगळं ठेव’ नाहीतर ‘सगळं सोड’ अशीच.

मग त्याने विहिरीवरच्या पंपापासून गोठ्यापर्यंत पाइप टाकला आणि डोणीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला. पाणी कमी झालं की आपोआप भरतं. गोठ्याच्या दाराची पायरी काढून उतार केला, एका बाजूला पकडायला लोखंडी पाइप. घमेल्याऐवजी एकचाकी हातगाडी. पेंढा माळ्यावर न रचता पडवीच्या एका अंगाला, हाताला येईल एवढ्या उंचीवर. खळ्यातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं आणि वाटेवर झावळ्या अंथरायच्या, ही तर आपली जुनीच रीत. ती बाईंनी नवरा गेल्यावर सोडून दिली होती, कारण झावळ्या ओढायला कोणी नव्हतं.

शेण, झाडलोट आणि म्हशीला बाहेर फिरवणं यासाठी वाडीतली एक सून सकाळी दोन तास येते, पगारावर. हा पगार सुरुवातीला बाईंना जड वाटला, पैशापेक्षा मानाने. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेली बाई. स्वतःसाठी कामाला माणूस ठेवणं म्हणजे हार मानणं असं त्यांच्या डोक्यात. मुलाने समजावलं नाही, वाद घातला नाही. त्याने वहीत एक रकाना वाढवला: ‘कोणी केलं.’ महिनाभरात बाई स्वतःच त्या सुनेला ताप कसा बघायचा, रवंथ चालू आहे की नाही हे कसं ओळखायचं ते शिकवायला लागल्या. आता ती वही लिहिते आणि बाई तपासतात. बाईंना पूर्वी हाताखाली शिकाऊ मुली असायच्या, त्याची मला आठवण झाली.

पावसातली काळजी वेगळी. कोकणात दरवर्षी पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण निघतात. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. नोकरीत असताना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घरोघर वाटलेल्या बाई स्वतः मात्र अनवाणी गोठ्यात जायच्या. आता गमबूट आहेत. पाय आत घालायला बाकडंही आहे, कारण उभ्याने बूट चढवताना तोल जातो. गमबूट असून न वापरण्याचं निम्मं कारण हे बाकडं नसणं असतं, असं मी इतर घरांतही पाहिलंय.

पैसा

यावर लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. बाईंना निवृत्तिवेतन आहे. ते नसतं तर हे प्रकरण घडलंच नसतं, हे स्पष्ट सांगायला हवं. श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांवर जगणाऱ्या म्हातारीला कोणी यांचं उदाहरण देऊ नये. राज्य सरकारने २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं, पण ते नोंदणीकृत संस्थांना. घरच्या गोठ्यात सहा म्हातारी जनावरं सांभाळणारी बाई त्यात कुठेच बसत नाही, आणि म्हशीचा तर प्रश्नच नाही.

इथलं गावठी जनावर लहान चणीचं, त्यामुळे पाच-सहा किलो सुक्या वैरणीवर भागतं. तरी वर्षाला कित्येक टन होतातच. पेंढा विकत घेणं महागात जातं, कारण शेतं ओसाड पडल्यापासून पेंढाच कमी झालाय. इथे एका आंबा बागायतदाराशी बोलणं झालं: शेण सगळं त्याचं, बदल्यात भाताचा पेंढा त्याने आणून द्यायचा. मोठ्या कलमाला दरवर्षी ५० किलोच्या आसपास शेणखत लागतं आणि ते ट्रकने घाटावरून मागवणं त्याला परवडत नव्हतं. हा व्यवहार तोंडी आहे आणि दोन वर्षं टिकलाय. नुसत्या पेंढ्यात प्रथिनं फार कमी, म्हणून म्हाताऱ्या जनावरांना थोडी पेंड आणि भातकोंडा आंबोणात जातोच. दात गेलेल्या शेळीला चारा बारीक कापून, भिजवून. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी सरकारी दवाखान्यातून मिळतात.

नियम

प्लास्टर निघाल्यावर बाईंनी स्वतःहून वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या. सहाच्या वर जनावर नाही. एक गेल्याशिवाय दुसरं नाही, आणि नवीन आलेलं आधी तीन आठवडे मांगरात, म्हणजे बाजूच्या खोपटात, वेगळं. तिसरी ओळ: लहान जनावर घ्यायचं नाही.

तिसऱ्या ओळीने गावात बोलणं झालं. गेल्या दिवाळीनंतर एक जण जर्सी संकराचा चार महिन्यांचा गोऱ्हा घेऊन दारात आला. संकरित गोऱ्हा ना नांगराला, ना दुधाला. सोडून द्यायची पहिली पाळी त्याचीच. पाणीदार डोळे, अंगावर गोचिडं. बाईंनी गोचिडं काढली, जंताचं औषध पाजलं आणि परत नेऊन घाल म्हणाल्या. ‘नर्सबाईंचं काळीज दगडाचं झालं’ हे मी दोन ठिकाणी ऐकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ‘हा जगला तर वीस वर्षं जगेल. वीस वर्षांनी मी त्र्याण्णव. याच्याकडे बघायला मी नसणार, आणि तेव्हा हा पुन्हा हायवेवरच जाणार. मला म्हातारं जनावर द्या, त्याचं मी शेवटपर्यंत करीन.’ त्यांनी चार फोन करून शेजारच्या वाडीतल्या एका तरुण शेतकऱ्याला गोऱ्हा द्यायला लावला आणि सहा महिन्यांची पेंड स्वतःच्या पैशाने दिली.

मला हा निर्णय या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. अंगातली ताकद उतरत असताना गोठ्यातली संख्या चढत जाणं ही धोक्याची खूण. अशी घरं मी पाहिली आहेत. दया खरी असते, पण चाऱ्याअभावी हाडं दिसणारी जनावरं आणि शेणात बसलेलं म्हातारं माणूस अशी अवस्था होते, आणि दोघांनाही सोडवायला तिसरं कोणी लागतं. मानसोपचारात याला आजार मानतात. त्या वाटेवर आणि नर्सबाईंच्या वाटेवर पहिली दोन-तीन वर्षं काहीच फरक दिसत नाही.

या नियमाची किंमतही आहे. फक्त म्हातारी जनावरं घेतली की गोठ्यात दर वर्ष-दीड वर्षाने मरण ठरलेलं. गेल्या पावसाळ्यात खांदेसुजीचा जुना बैल बसला तो उठलाच नाही. बसकं जनावर दर काही तासांनी कुशीवर फिरवावं लागतं, नाहीतर खालचा पाय बधिर होतो आणि चट्टे पडतात. अडीचशे किलोचं धूड. वाडीतले चार बाप्ये सकाळ-संध्याकाळ यायचे, मधल्या वेळी बाई आणि ती कामाला येणारी सून पेंढा भरलेली पोती छातीला टेकू म्हणून सारायच्या. वेदनेवर मी मेलॉक्सिकॅम देत होतो. डायक्लोफिनॅक गुरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपत आली. पाचव्या दिवशी बैल गेला. जांभ्यात माणसांनी खड्डा होत नाही, जेसीबी बोलवावा लागला. चुना-मीठ टाकून पुरला. त्यानंतर महिनाभर सहावी जागा रिकामी राहिली. आणखी एक बैल दारात आला होता, त्याला त्यांनी ‘आता नाही’ म्हटलं, आणि मुलीकडे चिपळूणला चार दिवस राहून आल्या. गोठा त्या सुनेने सांभाळला. गोठा सुरू झाल्यापासून त्या घराबाहेर राहिल्या त्या पहिल्यांदाच, असं मुलगी मला म्हणाली.

सध्याची स्थिती

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पेंढा भरून झाल्यावर, डिसेंबरात ठरलंय. त्यानंतर काही आठवडे वाकायचं नाही आणि पेंढ्याची धूळ डोळ्यात जाऊ द्यायची नाही, म्हणून मुलाने त्या काळातली सुट्टी आधीच टाकली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी एक यादी केलीय: आपण अंथरुणाला खिळलो किंवा गेलो तर कोणतं जनावर कोणाकडे. नावापुढे त्या माणसाची सही घेतलेली आहे, आणि पेंडीसाठी बँकेत वेगळे ठेवलेले पैसे कोणाच्या हाती द्यायचे तेही लिहिलेलं आहे. दोन्ही बैल आंबा बागायतदाराकडे. अधू गाय त्या सुनेकडे. भाकड गायीला मुलीच्या सासरचा गोठा. म्हशीला बऱ्याच खटपटीनंतर पलीकडच्या वाडीतलं एक घर मिळालं.

शेळीसाठी मात्र आपणहून तीन जण पुढे आले आणि बाईंनी तिन्ही नावं खोडली. ‘शेळी मागताना तिघांनीही तिचं वजन विचारलं,’ म्हणाल्या. तो रकाना अजून कोरा आहे.